लिटल्टनच्या धक्क्यावरचा नारळ

सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक काय मागतं, त्यावरून धक्क्याला कुठलं जहाज लागलंय ते मला बाहेर न बघता कळतं. डोळ्यांत घालायचे थेंब आणि बोटात घुसलेली कुसं काढायला चिमटा मागितला, म्हणजे लाकडाच्या ओंडक्यांचं जहाज. उन्हाळ्यात सकाळी नऊलाच टाचेला लावायच्या पट्ट्या नि उलटीच्या गोळ्यांसाठी पंधरा-वीस आजीआजोबा रांगेत, म्हणजे क्रूझ. हातांना भेगा पडल्यात म्हणून मलम घेणारा आणि जाताना दुकानभर मासळीचा वास ठेवून जाणारा, तो इथला कोळी. आम्ही अजून स्वेटर घालून बसलेलो असताना सनस्क्रीनच्या आठ बाटल्या एकदम उचलणारा दाढीवाला दिसला, की समजायचं, स्वारी अंटार्क्टिकाला निघाली.

मी फार्मसिस्ट आहे. ख्राइस्टचर्चच्या डोंगराला बोगदा पाडलाय, त्याच्या पलीकडच्या तोंडाशी लिटल्टन बंदर आहे, आणि बंदरासमोरच्या चढावर आमचं औषधाचं दुकान. मालकीणबाई इथल्याच, सत्तरीच्या. सहा वर्षं झाली मला तिथे. लोक म्हणतात बंदर म्हणजे जहाजं. छे हो! बंदर म्हणजे सगळंच. समोरच्या किनाऱ्यावरची माणसं सकाळच्या फेरीबोटीने लॅपटॉपची बॅग सांभाळत ऑफिसला येतात, ते बसस्टँड हेच. शनिवारी रस्ता अडवून भाजीबाजार भरतो. शाळेतली पोरं टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून ज्या पाण्यात उड्या मारतात, त्याच पाण्यात दोन हाकांवर मोटारींनी भरलेलं जहाज उभं असतं. आणि कोपऱ्यात खलाशांसाठी एक खोली आहे, तिथे फुकटचं वायफाय, गरम चहा आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी विणलेल्या लोकरीच्या टोप्या मिळतात. महिना महिना जमीन न पाहिलेली माणसं तिथे येऊन घरी व्हिडिओ कॉल लावतात आणि टोपी घालून बायकोला दाखवतात.

हे सगळं मला दिसायचं, पण मी ते नीट पाहायला लागले माझे वडील आल्यावर.

बाबा मुंबईच्या गोदीत मुकादम होते. चौदा माणसांची गँग त्यांच्या हाताखाली. जहाजाच्या पोटातून माल वर काढताना क्रेनवाल्याला खालचं काही दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त काठावर उभ्या असलेल्या मुकादमाचा हात. हात वर फिरवला की 'हबेस', म्हणजे उचल. तळवा खाली दाबला की 'आर्या', म्हणजे सोड. त्या एका हातावर चौदा जणांचा जीव. घरीसुद्धा माझी आई पोळी वाढायला आली की हे तोंडाने 'पुरे' म्हणायचे नाहीत, तळवा आडवा करायचे. आई चिडायची, "मी काय क्रेन आहे का तुमची?"

आई दोन वर्षांपूर्वी गेली. मी एकुलती एक. बाबा उरणला एकटे. एकदा आमटी करायची आणि तीन दिवस खायची, असा त्यांचा कारभार. फोनवर विचारलं की, "मस्त चाललंय." एकदा शेजारच्या काकूंनी खरं काय ते सांगितलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. सरळ तिकीट काढलं आणि मे महिन्यात त्यांना इथे घेऊन आले.

आले, पण रमेनात. आमचं घर बोगद्याच्या अलीकडे, शहराच्या बाजूला. स्वच्छ रस्ता, दोन्हीकडे गवत. बाबा खिडकीत उभे राहायचे आणि म्हणायचे, "काय गो हा गाव तुमचा. मानूस दिसत नाय. नुसत्या कचऱ्याच्या पेट्या उभ्या." नऊ वर्षांची नात शाळेतून आली की त्यांच्या मागे लागायची, पण ते मराठीत विचारणार, ही इंग्लिशमध्ये उत्तर देणार, आणि दोन वाक्यांनंतर दोघं हातवाऱ्यांवर यायचे. त्यात मात्र त्यांचं छान जमायचं. पोरगी आठ दिवसांत 'हबेस' आणि 'आर्या' शिकली, आणि जेवताना बापाला तळवा आडवा दाखवायला लागली.

मी त्यांच्या येऊन-जाऊन राहण्याच्या लांब मुदतीच्या व्हिसाचा अर्ज भरून ठेवला होता. सगळं टाइप केलेलं, फक्त त्यांची सही बाकी. छापून फ्रिजवर मॅग्नेटखाली लावला, म्हणजे येता-जाता दिसेल. त्यांना दिसायचा. ते त्याच्यासमोर उभे राहून दूध काढायचे, दूध ठेवायचे, आणि सहीचं नाव नाही.

एक दिवस मी स्पष्टच विचारलं. "बाबा, सही का करत नाही? तिथे कोण आहे तुमचं?"

"तिथं कोन नाय," ते म्हणाले. "पण हितं माझं काय काम हाय? आमच्या गोदीत एक कायदा होता. बिनकामाचा मानूस धक्क्यावर नको. मग तो सायबाचा मेव्हना का असंना. स्वतःच्या अंगावर पन माल पाडून घेतो आनि दुसऱ्याच्या पन. नारळी पौर्णिमा झाली की मी जातो. पुन्हा येनार नाय एवढ्या लांब."

मी रागाने भांडी आपटली. भांडी आपटून काही होत नाही हे मला माहीत आहे, पण मला बरं वाटतं. खरं सांगायचं तर मला धास्ती वाटत होती, की एक दिवस काकूंचा फोन येईल आणि मी इथे डोंगरापलीकडे गोळ्या मोजत बसलेली असेन.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना गाडीत घालून दुकानात न्यायला लागले. मालकीणबाईंनी त्यांना ब्लडप्रेशर मोजायच्या खुर्चीत बसवलं. बाबा खुर्चीत बसले, काचेतून खाली धक्का दिसला, आणि जे उठले ते थेट जेवायलाच परत आले. मग रोजचंच झालं. पायात मोजे, त्यावर जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, डोक्याला कानटोपी, अशा थाटात हे सकाळी उतरणीने खाली जायचे आणि बंदराच्या कुंपणाच्या जाळीला बोटं अडकवून उभे राहायचे. परत आले की मला अख्खा अहवाल. आज ओंडके चढवतायत. आज मोटारी उतरवतायत, एकेक माणूस गाडी चालवत जहाजातून बाहेर काढतो, कमाल आहे. क्रेनवाला पोरगा चांगला आहे, पण सिग्नल देणारा घाई करतो. कोळ्यांनी आज जाळी धुतली, पण मासळी आपल्यासारखी ओरडून विकत नाहीत, हे कसले कोळी. खलाशांच्या खोलीत एक बाई चहा देते, तिने त्यांनाही खलाशी समजून एक टोपी दिली. निळी. कानटोपी गेली, निळी टोपी आली.

मला वाटलं, जमलं! घरी येऊन फ्रिजकडे बघितलं. अर्ज तसाच.

ऑगस्टमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, पौर्णिमेला चार दिवस असताना, ते जाळीवरून आले आणि हात सुद्धा न धुता मला विचारलं, "हितल्या मानसांचा नारळ कोन सोडतं?"

"कसला नारळ?"

"कसला म्हनजे? ओंडके डोक्यावरून फिरतात त्यांच्या. खाली मानसं उभी. दर्याला नारळ नको?"

आमच्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, सोनेरी वेष्टन लावून, वाजतगाजत. पण गोदीत बाबांची स्वतःची रीत होती. त्या दिवशी ते आपल्या गँगसाठी वेगळा नारळ सोडायचे. मुकादम होते तोवर एकही वर्ष चुकलं नाही, आणि त्यांच्या गँगमधला एकही माणूस कामावर दगावला नाही. बाकी सगळं हेल्मेटमुळे नि नशिबामुळे झालं असेल, पण बाबांचा हिशेब नारळापाशी थांबायचा. नारळ आई त्यांच्या हातात द्यायची. निवृत्तीनंतरही रीत चालू होती, पण आई गेल्यापासून द्यायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी सोडला नाही. हे त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, आणि मला इतकं भरून आलं की मी त्याच संध्याकाळी रिकार्टनला जाऊन इंडियन दुकानातून दोन नारळ आणले. एक समुद्राला, एक भाताला.

नातीने आधी नारळावरचं दुकानाचं स्टिकर काढलं आणि फ्रिजच्या दारावर चिकटवलं. केळी, किवी, सफरचंद, आंबा, घरात येणाऱ्या प्रत्येक फळाचं स्टिकर ती तिथे लावते, मी ओरडून थकले. मग आजोबांनी सोनेरी कागद हवा म्हणताच तिने चॉकलेटांच्या सगळ्या सोनेरी चांद्या सरळ करून नारळाला असा मढवला, की तो देवळाच्या कळसासारखा चमकायला लागला. "लुक्स हीप्स गुड, आजोबा," ती म्हणाली. आजोबांनी अंगठा दाखवला.

पौर्णिमेच्या दिवशी माझ्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही फेरीबोटीच्या धक्क्यावर गेलो. दक्षिणेचा वारा सुटला होता, नाक गळून पडेल अशी थंडी. मी हळदकुंकू लावून नारळ बाबांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले, आणि पाण्याकडे बघून म्हणाले, "आत्ताच ओहोटी लागलीय. बरोबर दर्यात जाईल." आयुष्यभर मुंबईची ओहोटी पाहिलेला माणूस. मी कशाला शंका घेते? नारळ अलगद पाण्यात सोडला, तो तोंड बाहेरच्या दिशेला करून निघाला, आम्ही हात जोडले आणि मी धावत दुकानात परत. बाबा इतके खूश होते की त्यांनी मालकीणबाईंना स्वतःहून 'किया ओरा', म्हणजे इथला माओरी नमस्कार, म्हटलं. खुर्चीत बसून त्यांना डुलकी सुद्धा लागली.

तीनच्या सुमाराला एक खलाशी आला. आपल्याकडचाच, चेहरा बघताच कळतं. हिंदीत म्हणाला, "दीदी, ॲसिडिटीची काहीतरी कडक गोळी द्या. माझ्यासाठी नाही, आमच्या कुकसाठी. टेन्शनने पोटात आग पडलीय त्याच्या."

"कसलं टेन्शन?"

"अहो, आमचं ओंडक्यांचं जहाज. दुपारी जहाजाला टेकून एक नारळ तरंगत होता. सोन्याचा! कुंकू लावलेला! धक्क्यावरच्या माणसांनी काढला. इथे म्हणे बाहेरच्या देशाचं फळ पाण्यात टाकणं म्हणजे मोठा गुन्हा, त्यातून किडे येतात. जहाजावर हिंदू आम्ही दोघंच, आणि कुकच्या किचनमध्ये देवाचा फोटो. कॅप्टन म्हणतो तूच टाकलास. चौकशी संपेपर्यंत सगळ्यांना खाली उतरायला बंदी, मी फक्त औषधाला एजंटबरोबर आलो. तेवीस दिवसांनी जमीन दिसली होती हो. सगळे त्याच्यावर भडकलेत, आणि तो देवाची शपथ घेऊन रडतोय."

माझ्या हातातली गोळ्यांची पाकिटं हातातच राहिली. मी मान वळवली. बाबा जागे झाले होते. हिंदी त्यांना पुरतं समजतं. त्यांचे कान लालभडक झाले होते.

आता माझं ऐका, मी लपवत नाही. माझ्या मनात पहिल्यांदा कुक आला नाही. फ्रिजवरचा अर्ज आला. इथल्या सरकारी माणसांसमोर जाऊन 'गुन्हा आम्ही केला' म्हणायचं, आणि मग त्याच सरकारकडे व्हिसा मागायचा? खलाशी पैसे देऊन दाराबाहेर पडला आणि मी मराठीत कुजबुजले, "बाबा, गप्प बसा. संध्याकाळपर्यंत मिटेल आपोआप. तुमच्या कागदांचं काय होईल कळतंय का तुम्हाला?"

बाबा खुर्चीतून उठले. टोपी नीट केली. "दुसऱ्याच्या गँगवर माझा आळ? ऊठ. चल."

"बाबा..."

त्यांनी तळवा आडवा केला. पुरे.

मालकीणबाईंना दहा मिनिटांत येते सांगून मी त्यांच्यामागे धावले. उतरणीवर मी जँडल्स घातलेल्या पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या मागे पडत होते, एवढा त्यांचा वेग. बंदराच्या फाटकावर एक आडदांड रखवालदार आणि एक वही. नाव, वेळ, कंपनी, कामाचं कारण. मी पेन घ्यायला हात पुढे केला, तर बाबांनी आधीच घेतलं. नाव लिहिलं. कंपनीच्या रकान्यात रेघ मारली. कारणाच्या रकान्यापाशी जरा थांबले आणि ठसठशीत मराठीत लिहिलं, 'नारळ'.

रखवालदाराने वाकून पाहिलं. "हे काय लिहिलंय?"

"कोकोनट," मी म्हणाले.

त्याने बाबांकडे टोपीपासून जँडल्सपर्यंत नजर फिरवली. "अच्छा! तो नारळवाला तू!" आणि आम्हाला ऑफिसकडे नेलं.

आत टेबलावर आमचा नारळ प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवला होता, पिशवीवर नंबर. चांदी अर्धी निघालेली, कुंकू ओघळलेलं. पकडलेल्या चोरासारखा केविलवाणा दिसत होता बिचारा. टेबलामागे तिशीतली एक अधिकारी बाई, केसांचा शेपटा, पायात बूट. "किया ओरा," ती म्हणाली, आणि मला घाम फुटला.

"हिला सांग," बाबा म्हणाले, "नारळ माझा हाय. बोटीवरच्या कुनाचा नाय. दंड असंल तो माझ्या नावावर."

मी इंग्लिशमध्ये म्हणाले, "कदाचित, म्हणजे शक्यता आहे की, हा नारळ आमच्या घरातला असू शकेल."

गोदीत जन्म काढलेल्या माणसाला तेवढं इंग्लिश येतं हे मी विसरलेच होते. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाचवीत नापास होऊन आलेय. मग बाईकडे वळून छातीवर बोट ठेवलं. "नो कदाचित. माय कोकोनट. शिप, नो. कुक, नो. मी."

बाईने ओठ दाबले. हसू होतं ते, पण तिने ते आत ठेवलं. मग मी सगळं सांगितलं, गोदी, गँग, नारळ, जाळीमागून बघितलेली ओंडक्यांखालची माणसं. ती लिहीत होती ती थांबली. "म्हणजे हा नारळ आमच्या माणसांसाठी होता?"

"हो."

"पण तो इथल्या दुकानातलाच आहे हे मला दाखवावं लागेल. नाहीतर मी जहाजाला मोकळं कसं करू?"

दुकानाची पावती कधीच कचऱ्यात गेली होती. मी कपाळाला हात लावला. आणि बाबा म्हणाले, "ती चिकटपट्टी! पोरीनं फ्रिजला लावलीय!"

नवरा त्या दिवशी घरून काम करत होता. मीटिंगमध्ये होता. मी ओरडले, मीटिंग गेली खड्ड्यात, फ्रिजच्या दाराचा फोटो पाठव. मिनिटभरात आला. बाईने फोन घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, केळी, किवी, सफरचंद करत सरकत गेली आणि थांबली. नारळाचं स्टिकर, आणणाऱ्या कंपनीच्या नावासकट. पिशवीतल्या नारळाच्या शेंड्याजवळ तेवढ्याच आकाराचा गोंदाचा चिकट डाग होता. तिने तिथेच फोन उचलून जहाजावर कळवलं, की कुकचा काही संबंध नाही, तुमची माणसं उतरू देत. ते ऐकून बाबांनी इतका मोठा श्वास सोडला, की मला कळलं हा माणूस दुकानातून निघाल्यापासून श्वासच घेत नव्हता.

बाई मात्र अजून फोटो बघत होती. तिचं बोट खाली सरकलं. "हा यांच्या व्हिसाचा अर्ज आहे का? यावर सही नाहीये."

मेले! "त्यांनी अजून ठरवलं नाहीये," मी पुटपुटले.

"हं," ती म्हणाली आणि फोन परत दिला. दंडबिंड काही नाही. बंदरात काही सोडायचं तर आधी विचारायचं, आणि चांदी अजिबात नाही, मासे गिळतात, एवढं तिने नीट समजावलं. मी शंभर वेळा सॉरी म्हणाले. बाबांनी फक्त पिशवीकडे बोट दाखवलं. "हा परत द्या. बाहेर जाऊन नीट सोडतो."

"तो आता नष्ट करावा लागेल. नियम आहे," ती म्हणाली, आणि तिलाच वाईट वाटलं असावं, कारण तिने पिशवी हळूच स्वतःकडे ओढून घेतली.

कोपऱ्यात एक दांडगा माणूस चहा पीत सगळं ऐकत बसला होता. येणाऱ्या जहाजांपर्यंत पायलटला, म्हणजे जहाज आत आणणाऱ्या वाटाड्याला, पोचवणाऱ्या लाँचचा तो कप्तान, मूळचा टोंगा बेटांवरचा, म्हणजे नारळाच्या गावचाच. तो एकदम खदखदून हसला आणि बाबांना हाताने भिंतीवरच्या नकाशाजवळ बोलावलं. आतल्या बंदराला दोन्हीकडून दगडी बांध, मधे अरुंद तोंड. दुपारी दक्षिणेचा वारा. बोट फिरवून त्याने नारळाचा रस्ता काढून दाखवला. निघाला, वळला, बांधाला लागला, सरकत सरकत जहाजाच्या कुशीत. "मेट, इथली ओहोटी तुझ्या मुंबईएवढी नाही. इथून नारळ बाहेर जातच नाही."

दंडाला न घाबरलेला माणूस इथे खरा खजील झाला. "मुकादमाला ओहोटी नाय कळली," ते मला हळू आवाजात म्हणाले. "आनि पोचलाच नाय मग. नाय पोचला तर झालाच नाय. या मानसांचा नारळ ऱ्हायला."

मी ते कप्तानाला सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. "मग पुढच्या वर्षी मला सांगा. बंदराच्या तोंडाबाहेर नेतो माझ्या लाँचमधून. नारळ बोटीतून याच्या हाताने. पण हा स्वतः हवा. मला काय बोलायचं ते येत नाही." अधिकारी बाईकडे त्याने भुवई उडवली. ती म्हणाली, चांदी नसेल तर स्वीट ॲज, म्हणजे खुशाल.

बाबांना भाषांतर लागलं नाही. त्यांनी हात वर केला आणि बोटं फिरवली. हबेस. कप्तानानेही तस्सा हात फिरवला. बाहेर ओंडके वर चढत होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात तो खलाशी कुकला घेऊन आला. आंध्रच्या किनाऱ्यावरचा, सुकलेल्या चेहऱ्याचा माणूस. जहाजावरचं काही खायला खाली आणता येत नाही म्हणून मोकळ्या हाताने आला होता, त्याची त्याला भारी लाज. बाबांनी त्याला मागच्या खोलीत नेलं. उरलेल्या नारळाचा नारळीभात मी केला होता, आईच्या पद्धतीने. कुकने उभ्या उभ्या डबा संपवला, बोटं चाटली आणि म्हणाला, लवंग जरा जास्त हवी. मी म्हणाले, वा रे वा, काल रडत होतास ना! बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग दोघं खाली खलाशांच्या खोलीत गेले. संध्याकाळी जहाज सुटलं तेव्हा बाबा जाळीपाशी उभे होते, आणि जहाजाच्या मागच्या बाजूने कुणीतरी निळी टोपी हलवत होतं. आमच्या बाबांचं डोकं उघडं होतं.

त्यानंतर मी सहीचा विषय काढला नाही. माझ्या स्वभावाला हे फार जड गेलं, पण नाही काढला.

रविवारी सकाळी मी उशिरा उठले. बाबा नि नात ओट्याशी गप्पा मारत होते, म्हणजे हे मराठीत आणि ती इंग्लिशमध्ये. चहाला दूध घ्यायला गेले तर फ्रिजच्या दारावर मॅग्नेट होता, अर्ज नव्हता. तो टेबलावर होता. सही झाली होती, फाटकावरच्या वहीत नाव लिहिलं होतं तशीच, ठसठशीत. वर 'येण्याचं कारण' या चौकोनात मी टाइप केलं होतं: मुलगी, जावई आणि नात यांच्याबरोबर राहण्यासाठी. त्याच्यापुढे बॉलपेनने, मराठीत, लिहिलं होतं: 'आणि नारळ'. त्याखाली नातीच्या अक्षरात इंग्लिशमध्ये, कारण तिने आजोबांना सांगितलं म्हणे की व्हिसावाल्यांना मराठी येत नाही: 'अँड कोकोनट'.

नवरा माझ्या खांद्यावरून वाचत होता. म्हणाला, "अगं, सरकारी फॉर्म आहे, चेष्टा नाही. दुसरी प्रत काढतो, नुसती सही घेऊ."

"हात लावून तर बघ," मी म्हणाले, आणि डोळे पुसत तो कागद होता तसा पाकिटात घातला.